दुसऱ्यांची जुनी घरे

“एवढे पैसे खर्चून मुलांना तिकडे नेता, ते काय दाखवायला? दुसऱ्यांची जुनी घरे?”

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा प्रश्न विचारला तेव्हा मी बॅग भरत होते. २०१८ चा मे महिना होता. मी ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिथल्या अठरा विद्यार्थ्यांना घेऊन दहा दिवस इंग्लंडला जायचे होते. शेक्सपिअरचे गाव, ब्राँटी भगिनींचे घर, लंडनमधली संग्रहालये असा बेत होता. मुलांच्या आईबापांनी वर्षभर हप्त्याहप्त्याने पैसे भरले होते. एका मुलीचे वडील नगरथपेटेत साड्यांना फॉल-पिको करतात. तिच्या आईने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या, हे मला मागाहून कळले.

“अण्णा, अभ्यासाला आहेत ना ते लेखक,” मी म्हटले. ते नुसतेच “हं” म्हणाले. माझे उत्तर त्यांना पटले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

आमचे घर बंगळूरच्या चिकपेटेत आहे. ‘चिक्क पेटे’ म्हणजे कानडीत लहान पेठ. नाव लहान असले तरी रेशमी साड्यांसाठी सारे शहर इथेच येते. आम्ही नामदेव शिंपी. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते कुणालाच सांगता येत नाही. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषा आमच्या जिभेवर एकाच वेळी नांदतात. पुण्याकडचे पाहुणे आमच्या मराठीला हसतात. आम्हीही हसतो आणि पुन्हा तशीच बोलतो.

स्ट्रॅटफर्डला हेन्ली स्ट्रीटवरचे शेक्सपिअरचे जन्मघर पाहिले आणि मला पहिला धक्का बसला. हा कुणा सरदाराचा वाडा नव्हता. शेक्सपिअरचे वडील कातड्याचे हातमोजे बनवत आणि लोकरीचा व्यापार करत. घराच्या एका भागात त्यांचा कारखाना मांडून ठेवला आहे. तिथे कातडे, कात्र्या आणि मापे पाहून ती फॉल-पिकोवाल्यांची मुलगी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, हे तर आमच्या दुकानासारखंच आहे!”

मार्गदर्शक बाईंनी सांगितलेली हकीकत मुलांनी कान देऊन ऐकली. १८४७ मध्ये हे घर लिलावात निघाले होते. एक अमेरिकन सर्कसवाला ते उचलून आपल्या देशी नेणार अशी आवई उठली. तेव्हा लोकांनी समिती नेमली, वर्गणी जमवली आणि तीन हजार पौंडांना घर राष्ट्रासाठी विकत घेतले. पण त्याच गावात शेक्सपिअरने आयुष्याची शेवटची वर्षे काढली ते मोठे घर मात्र आज नाही. पुढच्या काळात ते एका पाद्रीबुवांच्या मालकीचे झाले. बघायला येणाऱ्यांचा त्यांना वैताग आला, कराचाही तंटा होता. त्यांनी आधी अंगणातले तुतीचे झाड तोडले आणि १७५९ मध्ये सारे घरच पाडून टाकले. तिथे आता बाग आहे.

नाटकांचेही तेच. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला तेव्हा त्याची जवळजवळ निम्मी नाटके छापलेलीच नव्हती. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दोन नटांनी ती जमवली आणि १६२३ मध्ये सगळी एका ग्रंथात छापून आणली. त्यांनी ही खटपट केली नसती तर ‘मॅकबेथ’ बहुधा आज आपल्या हाती नसते.

म्हणजे इंग्रजांना जपण्याची कला उपजतच आहे, असे काही नाही. त्यांच्यातही फेकणारे होते, पाडणारे होते. पण कुणीतरी वेळेवर “थांबा” म्हणाले.

तिथून आम्ही उत्तरेला यॉर्कशरमधल्या हॉवर्थ या खेड्यात गेलो. मे महिना असूनही बोचरा वारा सुटला होता. दगडी फरसबंदीचा चढ चढून गेले की चर्च, त्याला लागून दफनभूमी आणि तिच्या कडेला पाद्र्याचे दगडी घर. याच घरात शार्लट, एमिली आणि ॲन या तीन बहिणी वाढल्या. १८४७ या एकाच वर्षी तिघींच्या कादंबऱ्या बाहेर पडल्या, त्याही पुरुषी वाटतील अशा टोपणनावांनी. पुढच्या दोन वर्षांत एमिली आणि ॲन क्षयाने गेल्या. तिशी कुणी ओलांडली नाही. १८५५ मध्ये शार्लटही गेली. सगळी मुले गेल्यावर म्हातारे वडील मात्र १८६१ पर्यंत त्याच घरात राहिले.

खालच्या खोलीत त्यांचे मेज आहे. रात्री घर निजले की तिघी त्याच्याभोवती फेऱ्या मारत आणि लिहिलेले एकमेकींना वाचून दाखवत. मेजावर शाईचा डाग आहे, मेणबत्तीने जळल्याची खूण आहे आणि लाकडात कोरलेले ‘ई’ हे अक्षरही आहे. एका काचपेटीत त्यांनी लहानपणी हाताने शिवलेल्या, काडेपेटीएवढ्या चिमुकल्या वह्या आहेत. अक्षर इतके बारीक की वाचायला भिंग लागावे. कागद महाग, म्हणून हाताला येईल तो कपटा वापरायचा.

मी मुलांना समजावून सांगत होते. तेवढ्यात त्याच मुलीने विचारले, “मॅडम, तुमच्या घरात कुणी लिहायचं का?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. “चला, उशीर होतोय,” असे काहीतरी पुटपुटून मी बाहेर आले आणि दफनभूमीच्या भिंतीशी उभी राहिले.

माझ्या घरात लिहीत होते कुणीतरी. माझी आजी लिहीत होती.

आजी शाळेत गेली नव्हती. आजोबांच्या मापाच्या वहीवरून ती अक्षरे गिरवायला शिकली. पुढे दुकानातल्या संपलेल्या हिशेबवह्यांच्या कोऱ्या पानांवर ती लिहू लागली. दुपारी साऱ्यांची जेवणे उरकली की माजघराच्या उंबऱ्यावर बसून लिहायची. जात्यावरच्या ओव्या, मुलांच्या जन्मवेळा, कुणाच्या लग्नात कोण रुसले, खोकल्याचा काढा, सोन्याचा भाव, सगळे एकाच वहीत. मराठीत लिहिता लिहिता मध्येच कानडी शब्द यायचा, तोही देवनागरीत. अशा सात वह्या लाल फडक्यात बांधून तिने फळीवर ठेवल्या होत्या.

१९९४ मध्ये मी एम. ए. करत होते. माझ्या इंग्रजी पुस्तकांना घरात जागा नव्हती. एका रविवारी मी फळी रिकामी केली आणि ते गाठोडे जुन्या वर्तमानपत्रांबरोबर ॲव्हेन्यू रोडवर नेऊन रद्दीत घातले. वह्यांचे वजन अडीच किलो भरले, ते आजही आठवते. मिळालेल्या पैशांत भर घालून मी त्याच रस्त्यावर एक जुना इंग्रजी शब्दकोश घेतला.

चार दिवसांनी आजीने विचारले, “पोरी, माझ्या वह्या कुठं ठेवल्यास गं?”

मी सांगितले. ती थोडा वेळ फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. जुन्याच होत्या.”

त्यानंतर तिने वही मागितली नाही. १९९७ मध्ये ती गेली. हे मी कुणालाही सांगितले नव्हते. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर मात्र मुलांना सांगितले. कुणी हसले नाही. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, माझ्या पणजोबांची पत्रं पोटमाळ्यावर आहेत. बहुतेक आहेत अजून.”

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर एक घर आहे. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहिले होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतले. तिथल्या पायऱ्या चढताना वाटले, मनात आणले तर आपल्यालाही जमते की.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पाहिला. युरोपियन शिपायावर झडप घातलेला हा वाघ, पोटात यंत्र आणि बाजाच्या नळ्या. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा तो लुटीत गेला. १८०८ पासून कंपनी सरकारच्या लंडनमधल्या कचेरीत तो लोकांना बघायला ठेवला होता. मुले फोटो काढत होती आणि मी वेगळाच हिशेब करत होते. टिपूचा बंगळूरचा लाकडी महाल माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. सात समुद्र ओलांडून मी त्याचा वाघ बघायला आले होते. महाल पाहिला होता तो शाळेच्या सहलीत एकदाच, आणि तेव्हाही सारे लक्ष आवळे खाण्यात!

परत आल्यावर जुलैतल्या एका रविवारी मी त्याच अठरा मुलांना सकाळी सातला पेठेत बोलावले. तिकीट नाही, व्हिसा नाही, नाश्त्याला इडली. आधी किल्ल्याच्या उरलेल्या भिंतीशी गेलो. २१ मार्च १७९१ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसचे सैन्य जिथून आत घुसले, तिथे शिलालेख लावलेला आहे. रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून बसने जातात, त्यांत मीही होते. मग टिपूचा महाल पाहिला. तो पुरा झाला ते सालही १७९१ च. तिथून ॲव्हेन्यू रोडवरच्या राईस चर्चला गेलो. हे नाव धर्मोपदेशक बेंजामिन राईस यांचे. त्यांचा मुलगा लुईस राईस १८३७ मध्ये बंगळुरातच जन्मला. म्हैसूर राज्यातले हजारो शिलालेख त्याने उतरवून घेतले आणि छापले. कर्नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही आजही ते उघडावे लागतात.

शेवटी चिकपेटेत आलो. इथे मी मुलांना शहाजीराजांची गोष्ट सांगितली. १६३८ नंतर बंगळूर ही त्यांची जहागीर होती. त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला होता. ‘राधामाधवविलासचंपू’ हा त्याचा ग्रंथ मुळात संस्कृत, पण त्यात मराठीसह अनेक भाषांतली पद्ये आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या हस्तलिखितावरून तो छापला, म्हणून आपल्याला कळला. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी या गावात एवढ्या भाषा एकत्र नांदत होत्या. आजीच्या वहीतले कानडी शब्द मला आठवले. आमच्या ज्या मराठीला पाहुणे हसतात, तिचीही वंशावळ थोर आहे म्हणायची!

मुलांना मी गृहपाठ दिला, की घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडून एक तरी जुनी गोष्ट, गाणे किंवा पत्र मिळवून तारखेसह लिहून आणा. कानडी, तमिळ, उर्दू, तेलुगू, मराठी, सगळ्या भाषांतली पाने आली. पोटमाळ्यावरची पत्रेही आली, थोडी वाळवीने खाल्लेली. फॉल-पिकोवाल्यांच्या मुलीने आईचे तोंडपाठ हळदीचे गाणे आणले. आई म्हणाली होती म्हणे, “पाटल्या सोडवल्याचं सार्थक झालं.”

त्या रात्री मी अण्णांसमोर नवी वही घेऊन बसले. वह्या रद्दीत घातल्या त्या मीच, हे चोवीस वर्षांनी कबूल केले. ते म्हणाले, “ठाऊक आहे. आईनं सांगितलं होतं. पोरीला काही बोलायचं नाही, अशी तिची ताकीद होती.”

मग डोळे मिटून ते आठवू लागले. त्या रात्री चार ओव्या निघाल्या, दुसऱ्या दिवशी दोन. कधी महिनाभर एकही नाही. कधी एका ओवीचा एकच चरण, पुढचे गेलेले. ती जागा मी कोरीच ठेवली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बातमी वाचली. शार्लट ब्राँटीने चौदाव्या वर्षी लिहिलेली एक चिमुकली वही पॅरिसच्या लिलावात निघाली आणि हॉवर्थच्या संग्रहालयाने ती सहा लाख युरोंना सोडवून घरी नेली. त्यासाठी सामान्य लोकांनीही वर्गणी दिली होती. मी बातमी अण्णांना वाचून दाखवली. त्यांनी आपल्या वहीकडे पाहिले आणि म्हणाले, “आपली अडीच किलो होती, नाही का?” आणि पहिल्यांदाच आम्ही दोघे त्यावर हसलो.

२०२१ मध्ये अण्णा गेले. वहीत त्रेसष्ट ओव्या आहेत. सात वह्यांतले एवढेच हाती लागले. ते थोडे आहे, हे मला कळते. पण काहीच नाही असे तर नाही.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी फळी असेल, फडक्यात बांधलेले गाठोडे असेल, किंवा सारे तोंडपाठ असलेले एखादे म्हातारे माणूस असेल. दिवाळीची साफसफाई काढण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा.

अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नव्हते. आता देता येईल. दुसऱ्यांची जुनी घरे बघायला गेले, म्हणून मला आपले घर दिसले.