शब्दांमागची पायपीट

अलीकडे आमच्या धर्मग्रामात कोणी देवाघरी गेले की अंत्यविधीच्या अखेरीस किंवा महिन्याच्या मिस्सेला जे मनोगत वाचले जाते, त्याची भाषा फार सुरेख झाली आहे. व्याकरण निर्दोष, वाक्ये घोटीव, उपमा जागच्या जागी. एकाच महिन्यात अशी तीन मनोगते माझ्या कानी पडली. दिवंगतांपैकी एक रेल्वेत फिटर होते, एक शिक्षिका, तर एक बाई जन्मभर पहाटेच्या गाडीने मुंबईला भाजीच्या पाट्या नेणारी. तिघेही मायेचा सागर होते, तिघेही कुटुंबाचा आधारवड होते आणि तिघांच्याही जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली होती.

हे कोठून येते याची चौकशी करावी लागली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि नाव, वय, व्यवसाय एवढे कळवले की अर्ध्या मिनिटात मजकूर हाती पडू लागला. याबद्दल माझी तक्रार आहे असे कोणी समजू नये. ज्या घरात चार ओळी लिहिणारे कोणी नाही, त्या घराला ऐन दुःखात ही मोठीच सोय आहे. शिवाय त्या यंत्राचे शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगले आहे, हेही मोकळेपणाने सांगून टाकतो.

गेली तीसेक वर्षे मी अशी मनोगते लिहून देत आलो आहे. मोबदला म्हणाल तर चहा आणि एखादी केळ्यांची फणी. या कामाची एक रीत हळूहळू अंगवळणी पडली. मातीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी, घरची रोझरी आटोपल्यावर जायचे. पहिला अर्धा तास काही हाती लागत नाही. ‘फार चांगली होती’, ‘कोणाला उलट बोलली नाही’, एवढेच ऐकू येते. ते निमूट ऐकून घ्यावे. मग घरातल्या एखाद्या वस्तूची चौकशी करावी. कोपऱ्यातली छत्री, कोयता, चष्म्याची डबी. माणसाविषयी विचारले तर घरचे लोक गुण सांगतात. वस्तूविषयी विचारले तर माणूस सांगतात.

काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या मनोगतासाठी गेलो होतो. ओसरीवर वेताची एक जुनी टोपली होती, तिच्याविषयी विचारले. मुलगी म्हणाली, “ती आईची सुकेळ्यांची.” वसईची सुकेळी एकेकाळी प्रसिद्ध होती. आता ती करणारी घरे मोजकीच उरली आहेत. राजेळी केळी पुरती पिकू द्यायची, सोलून उन्हात मांडायची, सांजेला आत आणून टोपलीत झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. असे कित्येक दिवस. मग केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. केळे किती वाळले, हे सांगणारे कोणतेही माप नाही. ते बोटांनाच कळते. ऊन कमी पडले तर माल आंबतो, जास्त झाले तर चिवट होतो. आभाळ भरून आले की आई रात्री दोनदा उठून टोपलीचा वास घेई, असे मुलगी सांगत होती. बोलता बोलता तिचा आवाज बदलला. वडील गेले त्या दिवशीही केळी मांडवावर होती. शवपेटी घराबाहेर काढण्यापूर्वी आईने शेजारणीला बाजूला घेऊन सांगितले, “दुपारी तेवढी उलटी कर गो.” हे त्या मुलीने ऐकले होते. तेव्हा ती बारा वर्षांची होती. पुढची चाळीस वर्षे ते वाक्य तिच्या मनात सलत राहिले होते. मला हे सांगून झाल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग टोपलीकडे पाहत म्हणाली, “आम्हा चौघांची फी त्या केळ्यांतच होती ना.”

तिच्या संमतीने मी ते मनोगतात लिहिले. वाचले तिनेच.

हा प्रसंग यंत्राला सांगितला असता तर त्याने तो उत्तम मांडला असता, कदाचित माझ्याहून सरस. परंतु तो त्याला सांगणार कोण? मुलीलाही तो सांगायचा आहे, हे ठाऊक नव्हते. टोपलीविषयी कोणी तरी विचारावे लागले आणि विचारून झाल्यावर तिच्या मौनात बसून राहावे लागले. मनोगताचा कागद हे त्या संध्याकाळचे फळ खरे. पण मुलीच्या दृष्टीने ती संध्याकाळ कागदाहून मोठी होती.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे परिपत्रक काढले. कामाची प्रतिष्ठा ते काय निर्माण करते यावर प्रथमतः अवलंबून नसते. ते करणारा माणूस आहे यावर असते, असा त्याचा आशय आहे. हे वचन मी पूर्वी कामगारांच्या संदर्भात वाचत असे. आता ते लेखणीलाही लागू पडते. १४वे पोप लिओ मे २०२५ मध्ये निवडून आले, तेव्हा नाव निवडताना आपल्यासमोर ‘रेरुम नोवारुम’ लिहिणारे १३वे लिओ होते, असे सांगताना त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला. १८९१ साली प्रश्न गिरणीतल्या हातांचा होता; आज तो हातांपाशी थांबलेला नाही. त्याच वर्षी जानेवारीत रोमने काढलेल्या ‘अंतिक्वा एत नोवा’ या टिपणात मानवी बुद्धी देहधारी आहे आणि ती नात्यांतून घडते, यावर भर दिला आहे. सुकेळ्यांच्या टोपलीपाशी बसलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हे यंत्र लिहिलेल्या मजकुरावर पोसले जाते. आमची सामवेदी, जिला आम्ही कादोडी म्हणतो, ती पिढ्यान्‌पिढ्या मुखानेच चालत आली. कागदावर उतरली ती थोडी. केळ्याच्या वाळण्याच्या पायऱ्यांना त्या बाई जी नावे वापरीत, ती यंत्राने कोठे वाचावीत? फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली इंग्लंडहून येऊन गोव्यात उतरले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले १६१६ साली. मधली सदतीस वर्षे हा परदेशी माणूस साष्टीच्या लोकांत वावरला, त्यांची बोली कानांत साठवीत राहिला. त्या ओव्या आज यंत्राच्या पोटात असतीलही. पण त्या तिथे जाण्यापूर्वी कोणाला तरी साष्टीच्या वाटा तुडवाव्या लागल्या. आम्ही घरोघर जाणे सोडले तर यंत्रालाही नवे काही शिकण्याजोगे उरणार नाही. मग ते आमचाच आधारवड आम्हाला पुन्हा पुन्हा परत करीत राहील.

यंदा एका सुतारदादांच्या मनोगतासाठी मी धर्मग्रामातल्या एका कॉलेजकुमाराला बरोबर नेले. यंत्राकडून मजकूर करून घेण्यात तो वाकबगार. कुतूहल म्हणून आला होता. त्यांच्या पत्नीने हत्यारांची पेटी उघडून दाखवली. मी नेहमीप्रमाणे काही विचारणार, इतक्यात त्यानेच म्हटले, “मावशी, मी हा रंधा हातात घेऊ?” त्याने तो उजव्या हातात धरला, मग डाव्या हातात धरून पाहिला. मूठ एका अंगाने झिजलेली होती. “दादा डावखुरे होते का?” त्याने विचारले.

हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. मावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि त्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी त्या डाव्या हातावर किती छड्या मारल्या होत्या, तेथपासून सुरुवात केली. रात्री साडेदहाला आम्ही निघालो तेव्हा ती गोष्ट संपलेली नव्हती. फाटकाशी पोहोचल्यावर पोराने विचारले, “काका, उद्या परत यायचं ना?”