पत्त्याचा उत्तरार्ध

पत्ता म्हणजे कोठें जावयाचें तें सांगणारा मजकूर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या मतें ही व्याख्या अपुरी आहे. पत्त्याचा पूर्वार्ध मनुष्यास दारापर्यंत नेतो. दाराच्या आंत कोणाकडे जावयाचें तें उत्तरार्ध ठरवितो. पूर्वार्ध चुकला तर मनुष्य लागलीच कोणास तरी विचारतो. उत्तरार्ध चुकला तर मात्र आपण योग्य ठिकाणींच आलों असें त्यास वाटत राहतें. या दुसऱ्या प्रकारच्या चुकीविषयीं चार शब्द लिहावे, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

आम्हां नाशिककरांस या उत्तरार्धाची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. बाहेरगांवचा यात्रेकरू रामकुंडावर उतरला कीं पहिला प्रश्न येतो तो आडनांवाचा व मूळ गांवाचा. तेवढ्यावरून त्याचें कूळ कोणत्या तीर्थोपाध्यायांच्या वहींत आहे हें ठरतें, आणि त्याच्या आजापणजांची नोंद त्याच्यापुढें उघडते. टपालाची तऱ्हाही तीच. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेला पिनकोड हें श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याच्या योजनेचें फळ होय. नाशिकचा ४२२००१ हा आकडा डावीकडून वाचीत जावा: पहिल्या अंकानें देशाचा विभाग, दुसऱ्यानें उपविभाग, तिसऱ्यानें टपाल वेगळें करण्याचा जिल्हा, आणि शेवटच्या तिहींनीं टपालकचेरी. जसजसें उजवीकडे जावें, तसतसें जग लहान व नेमकें होत जातें.

महाजालावरील पत्त्याची घडण अशीच आहे. आरंभीं संस्थेचें नांव, आणि त्यापुढें तिरप्या रेघांनीं तोडलेले शब्द: ‘/निकाल/कला’, ‘/अर्ज/शिष्यवृत्ति’. मोठ्या संस्थेचें सारें काम हल्लीं पुष्कळदां एकाच प्रचंड प्रणालीवर सोंपवीत नाहींत. प्रवेशाची एक, निकालाची दुसरी, ग्रंथालयाची तिसरी, अशा लहान प्रणाली ‘कंटेनर’ नामक बंदिस्त पेट्यांत घालून यंत्रांच्या समूहावर चालवितात. अशा पेट्यांची व्यवस्था पाहणारी ‘कुबरनेटीस’ नांवाची योजना गूगल कंपनीनें २०१४ सालीं जगापुढें मांडली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणूं धरणारा. पेट्या क्षणांत मरतात व दुसऱ्या जन्मास येतात. म्हणून वाट सांगावयाची ती पेटीची नव्हे, तर ‘सेवा’ या कायम नांवाची. उपाध्याय बदलला तरी घराणें व वही राहते, तद्वत्.

वेशीवर ही वाट सांगणाऱ्या नियमांस ‘इन्ग्रेस’, म्हणजे प्रवेश, असें नांव आहे. आमचा एक जुना विद्यार्थी हाच धंदा करितो. त्यानें एका संध्याकाळीं हे नियम आम्हांस समजावून दिले. ते मुख्यतः दोन जातींचे. एक तंतोतंत; पत्ता अक्षरशः तोच असला तरच तो लागू. दुसरा आरंभाचा, ‘/अर्ज’ एवढाच नियम असला, तर तेथून पुढें फुटणारे सारे पत्ते त्याच्या स्वाधीन. मात्र ही जुळणी अक्षरांची नसून रेघांमधील अख्ख्या शब्दांची असते. म्हणून ‘/अर्ज/शिष्यवृत्ति’ त्यांत येतो, ‘/अर्जदार’ येत नाहीं. दोन नियम एकदम लागू पडले तर लांब नियम जिंकतो. लांबी सारखी असल्यास तंतोतंत नियम श्रेष्ठ. कोणताच लागू पडला नाहीं, तर अशा प्रसंगासाठीं नेमलेली सेवा असल्यास तिच्याकडे रवानगी होते. एरव्हीं ‘सांपडलें नाहीं’ हें ४०४ क्रमांकाचें उत्तर.

“अरे, हा तर उत्सर्ग आणि अपवाद!” आम्ही म्हणालों. संस्कृत व्याकरणांत सामान्य नियम तो उत्सर्ग व विशेष नियम तो अपवाद. आणि अपवाद आपल्या क्षेत्रांत उत्सर्गास बाजूस सारतो.

“असेल, सर,” तो म्हणाला. “नियम लिहावयास पांच मिनिटें पुरतात. आंखूड नियम कोणाकोणाला गिळतो, हें पाहण्यांत दिवस जातो.”

ही चौकशी आम्ही केवळ कुतूहलानें केली नव्हती. सुरगाणा तालुक्यांतील एक मुलगा त्याच आठवड्यांत आमच्याकडे आला होता. एका शिक्षणसंस्थेनें दिलेल्या पत्त्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास जावें, तों प्रवेशाचें पान उघडे व ‘प्रथम शुल्क भरा’ असें सांगे. त्यानें टेकडीवर जाऊन पांच रात्रीं हा उद्योग केला. अखेर शिष्यवृत्ति आपल्यासारख्यांसाठीं नसावी, अशी त्यानें मनाची समजूत घातली, आणि शिक्षण सोडावें कीं काय हें विचारण्यास तो आला.

आमच्या विद्यार्थ्यानें तो पत्ता पाहतांच निदान केलें, व पुढें तें खरेंही ठरलें. शिष्यवृत्तीची सेवा नव्यानें उभी केली होती. तिची ओळ वेशीवर लिहावयाची राहिली होती. ‘/अर्ज’ या जुन्या नियमानें मुलास प्रवेशाच्या सेवेकडे नेलें. तिला पुढचा शब्द अनोळखी. म्हणून तिनें शिष्टाचारानें आपलें पहिलें पान दाखविलें. कोणतेंही यंत्र बिघडलें नव्हतें. शहरांतील मुलांनीं कचेरींत जाऊन कागदी अर्ज दिले, त्यामुळें कोणी ओरडही केली नाहीं. संस्थेस कळविल्यावर एक ओळ घालण्यांत आली. तोंवर मुदत टळून गेली होती. त्या वर्षाचें शुल्क मुलानें द्राक्षबागेंत छाटणीची मजुरी करून भरलें.

लांब नियम जिंकतो, ही व्यवस्था न्यायाची आहे यांत शंका नाहीं. ज्याला अधिक नेमकें ठाऊक, त्याचा शब्द आधीं मानावा. परंतु न लिहिलेला नियम कधींच जिंकत नाहीं. अपवादाचें सारें सामर्थ्य तो कोणी तरी उच्चारण्यावर अवलंबून आहे. आणि उच्चारणार कोण, तर असा एक मनुष्य जगांत आहे हें ज्याला आधीं सुचलें तो. एरव्हीं आंखूड नियम सर्वांचें आगतस्वागत करितो व अनेकांस भलत्याच दिवाणखान्यांत नेऊन बसवितो. त्यापेक्षां ‘सांपडलें नाहीं’ हें रोखठोक उत्तर शतपटीनें दयाळू. तें ऐकून मनुष्य दुसरी वाट शोधतो. खोट्या स्वागतानें तो स्वतःलाच नालायक ठरवितो.

म्हणून वेशीवर नियम लिहिणारांस, मग ते यंत्राचे असोत वा कचेरीचे, आमची विनंति एवढीच: आंखूड नियम लिहिण्यापूर्वीं तो कोणाकोणास गिळील याची यादी करावी, आणि नियम लिहून झाल्यावर सर्वांत दूरच्या गांवाहून एकदां तो पत्ता उघडून पाहवावा. जवळचा मनुष्य दार ठोठावूं शकतो. दूरच्याजवळ पत्त्यावांचून दुसरें कांहींच नसतें.