अंगठा

नववीच्या वर्गास पत्रलेखन शिकविणें हा माझा गेल्या वीस वर्षांचा व्यवसाय आहे. वडिलांस कोणता मायना लिहावा, धाकट्या बंधूस कोणता, तारीख कोठें घालावी, ‘वि. वि.’ म्हणजे काय, हें मीं इतक्या वेळां फळ्यावर लिहिलें आहे कीं, झोपेंतून उठविलें तरी मला तें न चुकतां सांगतां येईल. म्हणूनच पुढील हकीकत दुसऱ्या कोणाच्या तोंडून विद्यार्थ्यांच्या कानीं जाण्यापूर्वीं ती मींच सांगितलेली बरी.

माझे वडील अहिल्यानगर जिल्ह्यांतील आमच्या गांवीं राहतात. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं बदललें, जुन्या संवयीनें आमच्या तोंडीं अजून ‘नगर’च येतें.) वय ऐंशीच्या घरांत. प्राथमिक शाळेंत अडतीस वर्षें ते शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वीं नातवंडांनीं त्यांस एक मोबाईल दिला व त्यावर मराठी लिहिण्यास शिकविलें. मला वाटलें, हें खेळणें आठ दिवसांत कपाटांत जाईल. परंतु ‘क्ष’ लिहावयाचा तर आधीं ‘क’ काढून त्याचा पाय मोडावा लागतो व मग ‘ष’ द्यावा लागतो, हें पाहून वडील खूष झाले. “हें यंत्र कोणा मास्तरानें केलेलें दिसतें,” असें ते म्हणाले.

तेव्हांपासून आठवड्यांतून दोनदां त्यांचा व्हॉट्सॲपवर मजकूर येतो. मजकूर कसला, पत्रच तें! उजव्या कोपऱ्यांत गांवाचें नांव व तारीख. (ती कोपऱ्यांत बसावी म्हणून ते आधीं पंधरा-वीस मोकळ्या जागा सोडतात, आणि माझ्या मोबाईलवर ती हटकून खालच्या ओळीवर घसरते.) मग ‘चिरंजीव यास अनेक आशीर्वाद, वि. वि.’, मग विहिरीचें पाणी, आईचा खोकला, शेजारच्या शेळीनें मांडलेला उच्छाद, आणि शेवटीं ‘घरांतील सर्व मंडळीस सलाम.’ उजव्या हाताच्या तर्जनीनें एकेक अक्षर टिपून एवढें लिहावयास त्यांस पाऊण तास लागतो, असें आई सांगते.

आणि मी काय करीत असें? मधल्या सुट्टींत काखेंत वह्यांचा गठ्ठा व एका हातांत चहाचा पेला धरून, दुसऱ्या हातानें तें पत्र वर सरकवीत वाचीत असें, आणि उत्तरादाखल तो सुप्रसिद्ध पिवळा अंगठा पाठवून देत असें. वाचलें, समजलें, आनंद झाला, आईस औषध द्या, हें सगळें त्या एका अंगठ्यांत आलें, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. गेल्या वर्षीं जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत असे तेवीस अंगठे गेले. हा आंकडा माझा नव्हे. तो वडिलांनीं मोजला.

सप्टेंबरांत पत्र आलें तें असें : ‘चिरंजीव यास अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझा तेविसावा अंगठा पावला. आपल्या घराण्यांत अंगठा उठविण्याचें काम माझ्या वडिलांपाशीं संपलें, असें मी समजत होतों. तुला पदवीधर करण्याचा खर्च मग कशासाठीं केला तें कळवावें.’ आशीर्वाद होते, पण खालीं सलाम नव्हता.

प्रथम मी हंसलों. मग हंसें तोंडांतच राहिलें. माझ्या आजोबांस अक्षरओळख नव्हती. एका दुष्काळी सालीं त्यांनीं बियाण्यापुरते पैसे एका सावकाराकडून घेतले, व त्यानें पुढें केलेल्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठविला. कागदांत काय लिहिलें होतें तें दोन वर्षांनीं कळलें. विहिरीजवळचा तुकडा गेला होता. शाई केव्हांच निघून गेली होती, तरी आजोबा तो अंगठा मातीनें घाशीत बसत, असें आजी सांगे. पुढें माझे वडील सहा वर्षांचे होतांच आजोबांनीं त्यांस खांद्यावर बसवून तीन कोसांवरच्या मिशनच्या शाळेंत नेलें, आणि पहिल्याच दिवशीं संध्याकाळीं विचारलें, “सही शिकविली का?” वडिलांची सही आजही पूर्ण नांवाची, ठसठशीत, खालीं एक रेघ व दोन टिंबें अशी आहे. तो तुकडा रस्त्यावरून अजून दिसतो. त्यांत आतां दुसऱ्यांचीं डाळिंबें आहेत.

हें सर्व ठाऊक असतां मीं सरळ क्षमा मागावयाची. पण मास्तरच मी. बचाव करूं लागलों. रात्रीं इंटरनेटवर बसून पुरावा जमविला व वडिलांस लांबलचक उत्तर धाडलें. अंगठा हा केवळ निरक्षरांचा नव्हे. बंगाल्यांत जंगीपूर येथें १८५८ सालीं विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानें एक करार पक्का करण्यासाठीं ठेकेदाराच्या पंजाचा ठसा घेतला, तेव्हांपासून असल्या ठशांस सरकारदरबारीं मान मिळत गेला. ‘आधार’चा पहिला क्रमांक आपल्याच महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं, २९ सप्टेंबर २०१० रोजीं देण्यांत आला, व आतां शिकलेसवरलेलेही यंत्रावर अंगठा ठेवतात. गंमत अशी कीं, त्यानंतर बाराच दिवसांनीं, ११ ऑक्टोबर रोजीं, जगांतील लिप्यांचीं अक्षरें संगणकासाठीं क्रमवार लावून ठेवणाऱ्या युनिकोडच्या यादींत हा चित्रांतला अंगठा दाखल झाला. म्हणजे आपल्या ‘क’ व ‘ष’च्या पंक्तीस तोही बसला. शिवाय कॅनडांतील सस्कॅचेवन प्रांताच्या न्यायालयानें २०२३ सालीं असा निकाल दिला कीं, ८७ टन जवसाच्या कराराचें छायाचित्र मोबाईलवर आलें असतां एका शेतकऱ्यानें उलट पाठविलेला अंगठा ही त्याची सहीच होय. माल न दिल्याबद्दल त्यानें सुमारें ८२ हजार डॉलर भरावे. वरच्या न्यायालयानेंही २०२४ मध्यें तोच निकाल कायम केला.

उत्तर दुसऱ्या दिवशीं आलें. ‘म्हणजे तेथेंही शेतकरीच बुडाला. हें मी तुला यापेक्षां थोडक्यांत सांगितलें होतें.’

नोव्हेंबरांत निवृत्तिवेतनासाठीं हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, म्हणून मी वडिलांस तालुक्याच्या गांवीं एका केंद्रावर घेऊन गेलों. त्यांनीं यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानें नकार दिला. धोतरास पुसून पुन्हां ठेवला, नकार. दुसरें बोट, तिसरें बोट, नकारच. वयोमानानें बोटांच्या रेघा झिजतात, आणि वडिलांच्या हातांनीं खडूइतकीच कुदळही धरलेली आहे. “सही करूं का?” त्यांनीं विचारलें. केंद्रांतला मुलगा अदबीनें म्हणाला, “आजोबा, यांत सहीला जागाच नाहीं.” शेवटीं त्यानें मोबाईलचा कॅमेरा त्यांच्या तोंडापुढें धरला व डोळे मिचकावावयास सांगितलें. अडतीस वर्षें ज्यांच्या डोळ्यांकडे पाहण्याची वर्गांत कोणाची छाती झाली नाहीं, त्यांनीं ते निमूटपणें मिचकावले, आणि हा मनुष्य जिवंत आहे अशी यंत्राची खात्री पटली.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलों. वडिलांनीं खिशांतून शाईचें पेन काढलें, रांगेच्या चिठ्ठीच्या पाठीवर आपली पूर्ण सही केली, खालीं रेघ ओढली, दोन टिंबें दिलीं, आणि चिठ्ठीची घडी करून ती खिशांत ठेवली. मीं कांहीं विचारलें नाहीं. रेघ सरळ आली नव्हती. त्यांचा हात कांपूं लागला आहे हें मला त्या दिवशीं प्रथम दिसलें. मोबाईलवरच्या पत्रांत तें कळत नाहीं.

शहरांत परतल्यावर मीं त्यांस पत्र लिहिलें. मोबाईलवरच, पण तर्जनीनें. मायना, वि. वि., मुलांच्या परीक्षा, नव्या भाडेकऱ्याचा पोपट, आईच्या खोकल्याची चौकशी, सर्व कांहीं. चहा निवून गेला. मुलगी डोकावून म्हणाली, “एवढें लांब कोण वाचणार, बाबा?”

“आजोबा,” मी म्हणालों.

तासाभरानें उत्तर आलें : ‘पत्र पावलें. मजकूर समाधानकारक. तारीख घातली नाहींस. दहांपैकीं सात. सर्व मंडळीस सलाम.’

तारीख यंत्र आपोआप घालतें, असें मीं त्यांस कळविलें आहे. उत्तराची वाट पाहत आहें.