बंधाऱ्याच्या वरचं गाव

रावेतच्या बंधाऱ्यापाशी पवना थबकते. इथून पंपांनी तिला उचलतात, निगडीला नेऊन शुद्ध करतात आणि मग ती पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत नळातून येते. न उचललेली नदी पुढे चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीजवळून वाहत दापोडीला मुळेत मिळते. रावेतला राहायला आल्यावर ही खालची नदी मला लवकर कळली. वरची कळायला मात्र बरीच वर्षं गेली. आपण जिचं पाणी पितो ती येते कुठून, हे एकदा डोळ्यांनी बघावं, एवढ्याच ओढीनं एका एप्रिलात निघालो.

आकुर्डीहून लोकलनं कामशेत, आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पवनानगर. शेजारी एक आजी होत्या. मांडीवर कामशेतच्या बाजारातली पिशवी.

“कुठलं म्हनायचं तुमी?”

“रावेतचा.”

“म्हंजी बंधाऱ्याचं,” त्या म्हणाल्या. आमच्या उंच इमारती, चौक, एक्सप्रेसवेचं तोंड, यातलं काहीच त्यांना सांगावं लागलं नाही. पवन मावळात रावेतची ओळख एवढीच, पाणी जिथं जातं ते गाव.

पवनानगरला जुनी माणसं अजून काले कॉलनी म्हणतात. धरणाच्या कामामुळं वाढलेली ही वस्ती. १९७२मध्ये धरण पुरं झालं आणि कॉलनीची हळूहळू बाजारपेठ झाली. खताची दुकानं, भेळ, वडापाव, शाळेची पोरं, गुलाबाच्या पॉलिहाउसकडं निघालेल्या बाया. गाव लहानच, पण मान वर केली की चहूबाजूंनी डोंगर. तिकोना खरंच त्रिकोणी. तुंग सुळक्यासारखा, म्हणून त्याचं दुसरं नाव कठीणगड. उत्तरेला लोहगड आणि विसापूर खांद्याला खांदा लावून. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे २३ किल्ले सोडावे लागले, त्यांत हे चारही होते. पुढच्या पाच-सहा वर्षांत स्वराज्यानं गमावलेलं परत घेतलं, त्यात १६७०मध्ये लोहगडही आला. आता २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत लोहगड आहे. या खोऱ्यातल्या माणसाला ही बातमी सांगितली तर तो अभिमानानं हसतो आणि मग रस्ता कधी नीट होणार ते विचारतो. त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो.

मी चढलो तिकोना. पायथ्याच्या गावाचं नाव तिकोना पेठ. गडाखाली कधीकाळी भरलेल्या बाजाराची आठवण त्या एका शब्दात उरली आहे. वाटेत चपेटदान मारुती, हात उगारलेला, पायाखाली पनवती चिरडलेली. मग चुन्याची घाणी, मग कातळात कोरलेलं तळजाईचं लेणं आणि समोर टाक्याचं गार पाणी. शेवटच्या पायऱ्या इतक्या उभ्या की दोन्ही हात कातळाला लावूनच चढावं लागतं. वर महादेवाचं देऊळ, वारा, आणि खाली पसरलेला पवनेचा जलाशय. बंधाऱ्यावर अडलेलं पाणी मी कित्येकदा पाहिलं होतं. पण त्याचा हा एवढा मोठा, निळा, डोंगरांच्या बोटांत शिरलेला साठा पाहून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

एप्रिलात येण्याचं भाग्य असं, की पाणी उतरल्यावर जलाशयातून वाघेश्वराचं मंदिर वर येतं. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात चिखल वाळला, भेगा पडल्या, की माणसं चालत जातात. दगडी खांब, ढासळलेलं, गाळाचा रंग चढलेलं देऊळ. कुणीतरी ताजं फूल ठेवलं होतं, उदबत्ती विझत आली होती. देवळाच्या आजूबाजूला शेतं होती, घरं होती, हे एका गुराख्यानं हात फिरवून दाखवलं. “हितं बांध, तितं आमचं खळं.” त्याच्या बोटाच्या टोकाला मला फक्त भेगाळलेली माती दिसत होती. त्याला खळं दिसत होतं. धरणाला अर्धशतक उलटलं, तरी जमिनीच्या बदल्यात जमीन मागत धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या थकल्या.

उतरताना बेडसे लेण्यांकडं वळलो. कार्ला-भाज्यांची गर्दी इथं नाही. सुमारे चारशे पायऱ्या चढून गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. पुढं न कोरता तसाच ठेवलेला खडक आडवा येतो. त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरलं की एकदम पंचवीसेक फुटांचे खांब उभे राहतात. माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दागिन्यांसकट. भिंतीवरच्या ब्राह्मी लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठींच्या मुलाचं, पुष्यणकाचं दान नोंदलेलं आहे. नाशिकचा माणूस इथं या डोंगरात दान का देतो? कारण कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर येणारा व्यापार याच मुलखातून जात होता. हे खोरं आडबाजूचं आहे असं आज आपल्याला वाटतं. तेव्हा ते वाटेवरचं होतं. महाराष्ट्रातलं माझं सगळ्यांत आवडतं लेणं हेच, आणि हे मी वेरूळ पाहून आल्यावर म्हणतो आहे.

परतताना एका शेतकऱ्याकडून इंद्रायणी तांदूळ घेतला. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७मध्ये शेतात आला. भात शिजताना वास शेजारच्या घरी पोचतो. तांदूळ मोजताना तो शेतकरी सहज म्हणाला, “बऊरला मी व्हतो.”

९ ऑगस्ट २०११. धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं होतं. नदीचं पाणी पाइपात गेलं तर काठच्या शेतीचं काय, म्हणून मावळचे शेतकरी बऊरजवळ एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेली, त्यांत एक बाई होती. ते पाणी माझ्या नळाला येणार होतं. तांदळाचे पैसे देताना मला त्याच्या डोळ्यांकडं बघवेना. त्यानं मात्र वरून एक ओंजळ जास्तीची घातली.

पवनेच्या काठावर आता तंबूंच्या रांगा आहेत. शनिवारी पुण्या-मुंबईची मंडळी येतात, शेकोटी पेटते, सकाळी ताटं पाण्यात विसळली जातात, बाटल्या काठावर राहतात. तुम्हीही जा. एप्रिल-मेमध्ये, जमलं तर आडवारी जा, वाघेश्वराला नमस्कार करा, तिकोना चढा, तांदूळ शेतकऱ्याच्या दारातून घ्या. फक्त पाण्यात काही टाकू नका. नदीच्या वाटेनं तीस-पस्तीस किलोमीटर खाली, रावेतच्या बंधाऱ्यावर, आम्ही हेच पाणी पितो.