सोंगट्या आणि ल्यूडो

परवां करी रोडच्या आमच्या बिऱ्हाडीं नातू मोबाईलवर 'ल्यूडो किंग' हा २०१६ सालीं निघालेला खेळ खेळत होता. आम्हीं चष्मा पुसून पाहिलें, तों त्या आमच्याच सोंगट्या! पचीसीचें इंग्लंडांत ल्यूडो झालें. कवड्यांच्या जागीं एक फांसा आला. त्याचें आम्हांस दुःख नाहीं. परंतु पचीसींत समोरासमोरचे दोघे भिडू. दोघांच्याही सोंगट्या घरीं गेल्यावांचून डाव पुरा होत नसे. ल्यूडोंत ज्याचा तो एकटा. आमची सोंगटी मेली कीं नातवाची कैलासवासी आजी आपली सोंगटी थांबवून आमची वाट पाही.

आम्हीं पेटींतला तिच्या हातचा पट अंथरून नातवाला समोर बसविलें.

"आजोबा, माझ्या सोंगट्या आधीं पोंचल्या तर?"

"तर थांबावयाचें, बाळ."