भुईत शिजलेलं जेवण

अझोर्समधल्या साओ मिगेल बेटावर राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप फुर्नास गावाकडे वळतात. तळ्याकाठी जमिनीतून सतत वाफा निघत असतात. हॉटेलवाले पहाटेच मोठाली पातेली तिथल्या खड्ड्यांत उतरवतात, वर माती लोटतात आणि सहाएक तासांनी ओढून काढतात. ना चूल, ना गॅस. ज्वालामुखीची धग पुरते. या ‘कोझिदो’त गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, कोबी, रताळी आणि चक्क अळकुड्या! मांसाचा रस पिऊन फुगलेली अळकुडी जिभेवर लोण्यासारखी विरघळते. मसाला जवळजवळ नाहीच, तरी चव भरून राहते.

वर चहा हवाच. तोही इथलाच, गोरेआनाच्या मळ्यातला; १८८३ पासून तिथे चहा होतो.

पेंटेकॉस्टच्या सुमारास गावोगावी पवित्र आत्म्याचा उत्सव असतो. लांबलचक टेबलं मांडतात, पावावर मांसाचा गरम रस्सा ओतून वाढतात. पैसे कोणी मागत नाही. माझ्यासारख्या परक्यालाही आग्रहाने बसवून घेतात. अझोर्सला आलात, तर तळी आणि डोंगर बघाच. पण एकदा तरी या पंगतीला बसा. बेट खरं कळतं ते तिथेच.