दिल्लीची थंडी आणि आमचा ‘च’

प्रकाशाची थंडी तापीवरून येते. डिसेंबरात फजरच्या अजानला उठून दार उघडलं की नदीवर धुकं उभं असतं. संगमाकडून केदारेश्वराची घंटा ऐकू येते, देऊळ मात्र दिसत नाही. पण ऊन वर आलं की सगळं लख्ख होतं आणि मुलं स्वेटर कमरेला बांधून हुंदडू लागतात. थंडी म्हणजे एवढीच, अशी आमची समजूत. २०२३ च्या डिसेंबरात मी अब्बांना घेऊन दिल्लीला निघाले तेव्हा सामानात माझी एक शाल, त्यांची कानटोपी आणि दोन स्वेटर एवढंच गरम होतं.

अब्बांनी एस.टी.त चालक म्हणून उभी हयात काढली. धुळे, सुरत, इंदूर इथवर गाडी नेली, त्यापुढे कधी गेले नाहीत. आमच्या घरात जुन्या दिनदर्शिकेचं एक पान वर्षानुवर्षं भिंतीवर होतं. त्यावर दिल्लीची जामा मशीद होती. अम्मी होती तोवर ती दर ईदला म्हणायची, ‘एक बार दिखा दो.’ अम्मी गेली. मग मीच अब्बांना म्हटलं, आपण तरी जाऊन येऊ.

खरं सांगायचं तर माझाही स्वार्थ होता. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. घराबाहेर पडलं की कानावर अहिराणी, गुजरी, भिलोरी पडते. मराठी मी शेजारच्या घरांत आणि पुढे बी.एड.ला शिकले. घरात आम्ही जी बोलतो ती खानदेशी उर्दू. शाळेत शिकवायची ती मात्र पुस्तकातली. त्या पुस्तकातल्या उर्दूचं माहेर दिल्ली, असं मी मानत आले होते. एकदा तिथे जाऊन ती कानांनी ऐकावी, असं मनात फार होतं.

निघण्याच्या आठ दिवस आधीची एक गोष्ट इथे सांगायला हवी. सहावीच्या वर्गाला ‘हमारे गाँव की नदी’ हा निबंध दिला होता. एका मुलाने पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘तापी हमारीच नदी है.’ त्याचे वडील तापीत जाळं टाकतात. मी त्या ‘च’भोवती लाल गोल काढला आणि बाजूला ‘ही’ लिहिलं. तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी वही वर धरून वर्गाला विचारलं, ‘ये हमारीच कौन सी ज़बान है?’ वर्ग हसला. तोही हसला. त्यानंतर मात्र त्याने वर्गात हात वर करणं सोडलं. माझ्या ते लक्षात आलं होतं. परीक्षा जवळ आली आहे, होईल ठीक, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

नंदुरबारहून सुरत आणि सुरतेहून रात्रीची गाडी. दुसऱ्या दिवशी मथुरा मागे पडली आणि गाडी जणू पायी चालू लागली. खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. अब्बा चालकाच्या नजरेने काचेतून बघत म्हणाले, ‘इसमें गाड़ी चलाना मतलब अल्ला के हवाले.’ पाच तास उशिराने, रात्री उशिरा आम्ही दिल्लीत उतरलो. मशिदीजवळच्या गल्लीत एक खोली घेतली. रिक्षा जात होती त्या रस्त्याच्या कडेला माणसं शेकोटीभोवती बसली होती. काही जण पातळ घोंगडीत पाय पोटाशी घेऊन झोपले होते. आमच्या खोलीत दोन जाड रजया होत्या, तरी मला रात्रभर थंडी वाजली. त्या माणसांची रात्र कशी गेली असेल, हे मनातून गेलं नाही.

सत्तावीस डिसेंबरच्या पहाटे अब्बा जामा मशिदीत फजरला गेले. परतले तेव्हा त्यांचे हात वजूच्या पाण्याने लाल झाले होते आणि चेहरा एखाद्या मुलासारखा खुलला होता. उजाडल्यावर मला घेऊन ते पुन्हा गेले. शहाजहानने १६५० ते १६५६ या काळात ही मशीद बांधली. लाल दगडाच्या त्या उंच पायऱ्या अब्बा एकेक मोजत चढले. वर पोहोचल्यावर मात्र आकडा विसरले. धुक्यात मिनारांचे शेंडे नव्हते आणि अंगणात कबुतरं अंग फुगवून बसली होती. अब्बा बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, ‘तेरी अम्मी होना थी.’

तिथून आम्ही उर्दू बाजारात गेलो. नाव बाजार, पण पुस्तकांची दुकानं आता थोडीच उरली आहेत. पुष्कळशा जागी कबाब आणि बिर्याणी आली आहे. एका जुन्या दुकानात शिरलो. दुकानदार वयस्कर होते, हात अंगीठीवर शेकत बसले होते. मी काही बोलायच्या आत अब्बा पुढे झाले, ‘भाई, बच्चों की कहानी की किताबां दिखाव. मेरेकू नक्को, इस्कूच होना.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसत, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘अब्बा, किताबां नहीं, किताबें. और नक्को नहीं कहते यहाँ.’ मग दुकानदारांकडे वळून घोटलेल्या उर्दूत मुलांच्या गोष्टींची पुस्तकं मागितली आणि किंमत विचारली. ‘क़ीमत’ म्हणायचं होतं, पण थंडीने म्हणा की गडबडीने, जिभेवर ‘खीमत’ आलं. दुकानदारांनी मान वर केली आणि अगदी आपुलकीने विचारलं, ‘आप लोग हैदराबाद की तरफ़ के हैं?’ ‘आप लोग’ म्हणजे आम्ही दोघं. इतकी वर्षं पुस्तकातली उर्दू शिकवूनही एका शब्दात मी अब्बांच्या शेजारी जाऊन बसले होते. त्यांनी पुस्तकं चांगली दिली, पैसेही थोडे कमी घेतले. त्यांचा काहीच दोष नव्हता.

पण अब्बा गप्प झाले. रागावले नव्हते. चहा प्यायचा का विचारलं तर ‘हाँ’, पुढे जायचं का तर ‘चलो’. जो माणूस एस.टी.त कंडक्टरशी, प्रवाशांशी, ढाब्यावरच्या पोऱ्याशी बोलल्यावाचून राहिला नाही, तो रिक्षावाल्याशीही बोलेना. पत्ता मला विचारायला लावत होता. रात्री रजईत पडल्यावर हे गप्प बसणं आधी कुठे पाहिलं ते मला आठवलं. ते माझ्या वर्गातलं होतं, तिसऱ्या बाकावरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बल्लीमारानला गेलो. चष्म्यांच्या आणि जोड्यांच्या दुकानांमधून वाट काढत गली कासिमजानमध्ये मिर्झा गालिबची हवेली आहे. तिचा उरलेला एक भाग स्मारक म्हणून जपला आहे. गालिबला आपण दिल्लीचा म्हणतो, पण तो जन्मला आग्र्याला, १७९७ साली, सत्तावीस डिसेंबरलाच. दाग दिल्लीचा खरा, पण त्याची माती हैदराबादेत आहे. तो १९०५ मध्ये तिथेच वारला. त्या थंडगार कमानीखाली उभी असताना मला आठवला तो मात्र आपला वली.

आमच्या पाठ्यपुस्तकात वलीवर एक धडा असतो आणि मी तो दरवर्षी शिकवत आले आहे. वली औरंगाबादचा, १७०० साली दिल्लीला गेला. त्या वेळी दिल्लीचे शायर फारसीत लिहीत. गल्लीत बोलतात त्या भाषेत गझलचा दीवान होऊ शकतो, हे त्यांच्या फारसं मनात नव्हतं. इकडे दख्खनमध्ये मात्र गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशाहाने त्याच्या कितीतरी आधी आपला दीवान केला होता. दिल्लीत शाह सादुल्ला गुलशन यांनी वलीला सल्ला दिला, की फारसीतले विषय आपल्या भाषेत घे. मीरने आपल्या तज़किऱ्यात हे नोंदवलं आहे. म्हणजे वलीलाही दिल्लीत दुरुस्ती सुचवणारा भेटला होता. पण पुढे १७२० च्या सुमारास त्याचा दीवान दिल्लीत पोहोचला आणि हातिम, आबरू यांच्यासारखे शायर त्याच्या वाटेने लिहू लागले. मीर आणि गालिब त्यानंतरचे. २००२ साली अहमदाबादेतली वलीची मजार पाडली गेली आणि त्या जागेवरून डांबरी रस्ता गेला. ज्याने आपल्या बोलीला दिल्लीत मान मिळवून दिला, त्याच्या कबरीचा दगडही उरला नाही.

हे सारं मी परीक्षेच्या प्रश्नासारखं शिकवलं होतं. वलीचा जन्म कोठे झाला, एक गुण. पण वलीच्या मागे जी दख्खनी उभी होती, त्या दख्खनीत ‘नक्को’ आहे, आणि तो ‘च’ही आहे. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा ‘च’ मराठीतून आला. इथल्या शेतकऱ्याच्या, बाजारातल्या बाईच्या तोंडून उचलून आपल्या पूर्वजांनी तो आपल्या बोलीत बसवला. आपण या मातीतले आहोत, हे भाषणं करून सांगावं लागतं तेव्हा मला वाईट वाटतं. एवढासा ‘च’ ते रोज सांगत होता, आणि मी त्याच्याभोवती लाल गोल काढत होते. बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र मी पाठ केलं होतं, त्यावर उत्तरही लिहिलं होतं. मुलाच्या ज्ञातालाच हसलं तर पुढे जायचं कुठून?

त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी निजामुद्दीनला गेलो. तिथल्या रिवाजाप्रमाणे आधी अमीर खुसरोंच्या मजारीवर सलाम केला. पीर आणि मुरीद दोघेही १३२५ सालीच गेले. दर्ग्याच्या आतल्या दालनात बायकांना जाता येत नाही. अब्बा गुलाबाची चादर घेऊन आत गेले आणि मी बाहेर संगमरवरी जाळीला टेकून बसले. दगड बर्फासारखा होता. शेजारी कुठल्या कुठल्या गावांहून आलेल्या बायका जाळीला दोरे बांधत होत्या. प्रत्येकीची बोली वेगळी होती आणि दुआ मागताना कोणी कोणाला दुरुस्त करत नव्हतं. कव्वाली सुरू झाली तसे अब्बा बाहेर येऊन माझ्याजवळ बसले.

मी म्हणाले, ‘अब्बा, कल दुकान में मैंने ग़लत किया.’ त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने स्वतःच बोलू लागले. ‘खुल्दाबादवाले हज़रत बुऱ्हानुद्दीन गरीब इन्हींचके मुरीद. यहाँच से उधर आए. उनकेच नाम का बुऱ्हानपूर. और बुऱ्हानपूर का पानी किधर जाता? अपने प्रकाशाकूच आता ना?’ खानदेशच्या फारुकी सुलतानाने तापीकाठी शहर वसवलं आणि त्याला त्या हज़रतांचं नाव दिलं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. दिल्लीच्या या अंगणाची वाट नदीने आमच्या दारापर्यंत येते, हे अब्बांनी सांगितलं. एका वाक्यात किती ‘च’ आले ते मी मोजले नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरून शाल नीट केली. परतताना त्यांनी रिक्षावाल्याशी भाड्यावरून मनसोक्त हुज्जत घातली, तेव्हा मला हायसं वाटलं.

जानेवारीत वर्गात त्या निबंधाच्या वह्या पुन्हा काढल्या. मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. परीक्षेत ‘ही’ लिहायचं, कारण सगळ्या मुलखात तेच चालतं, आणि ते मी तुम्हाला शिकवीनच. पण ‘च’ ही चूक नाही, ती आपली बोली आहे, तिला मोठा इतिहास आहे. अब्बांची आणि माझ्या ‘खीमत’ची गोष्टही सांगितली. वर्ग हसला, या वेळी माझ्यावर. मग त्या मुलाला त्याचा निबंध वाचायला सांगितला. तो उभा राहिला, लाल गोलापाशी थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि वाचलं, ‘तापी हमारी ही नदी है.’

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी प्रश्न विचारताना तिसऱ्या बाकाकडे बघायची आणि तो वहीत बघायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडी गेली. एका दुपारी सुट्टीची घंटा झाल्यावर सगळे पळाले, तो मात्र दाराशी रेंगाळला. म्हणाला, ‘मॅडम, दिल्ली में बी नदी है क्या? अपनीच जैसी?’ मी म्हणाले, आहे, जमुना आहे, पण धुकं इतकं होतं की आम्हाला ती दिसलीच नाही. त्याने क्षणभर विचार केला आणि दप्तर खांद्यावर टाकत म्हणाला, ‘तो फिर अब्बा कू लेके गर्मी में जाव.’